नोड रीस्टार्ट केला की सगळं हँग का होतं? पीअर-टू-पीअर नेटवर्कमधला ओव्हरलोड ओळखा आणि सोडवा

गावाकडचं एक दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. शेतीची लाईट येते. शिवारातल्या बहुतेक मोटारींना ऑटो स्विच बसवलेला असतो, त्यामुळे त्या सगळ्या एकाच क्षणी चालू होतात. मोटार चालू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. असा सगळ्या मोटारींचा लोड एकदम आला की डीपीतला फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो. मग पुढचे काही दिवस सगळं शिवार कोरडं. म्हणूनच महावितरण दरवर्षी सांगतं की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा.

पीअर-टू-पीअर नेटवर्कचा नोड रीस्टार्ट होतो तेव्हा तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि राउटरमध्ये साधारण हेच घडतं. चालू असताना शांतपणे काम करणारं सॉफ्टवेअर रीस्टार्ट झाल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं मशीनचा जीव काढतं. आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं, म्हणून आपण परत रीस्टार्ट करतो, आणि तिथूनच खरा घोळ सुरू होतो.

या लेखात आपण तीन गोष्टी बघू: हा लोड येतो कुठून, तो नेमका कुठे अडकलाय हे कसं ओळखायचं, आणि डेटा न गमावता तो कसा सोडवायचा.

नोड म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या ॲपमध्ये तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. पीअर-टू-पीअरमध्ये मधे मोठा सर्व्हर नसतो, किंवा असला तरी फक्त ओळख करून देण्यापुरता असतो. प्रत्येक यंत्र घेतंही आणि देतंही. अशा प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात आणि समोरच्या यंत्राला पीअर.

उदाहरणं रोजचीच आहेत. क्यूबिटटोरेंटवरून लिनक्सची आयएसओ फाइल घेताना तुमचा लॅपटॉप नोड असतो. सिंकथिंग वापरून फोनमधले फोटो घरच्या कॉम्प्युटरवर पाठवता तेव्हा दोन्ही यंत्रं नोड असतात. आयपीएफएस किंवा बिटकॉइन कोअर चालवणाऱ्यांचा तर दिवसरात्र चालू राहणारा नोड असतो, बऱ्याचदा रास्पबेरी पायवर.

आता समजा तुम्ही करमाळा तालुक्यातल्या केममध्ये राहता. केमचं नाव निघालं की आधी कुंकू आठवतं, तर समजा घरचा धंदाही कुंकवाचाच आहे. पाकिटांची डिझाइनं, बिलं, मालाचे फोटो हे सगळं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. सिंकथिंगने तेच फोल्डर तुमच्या फोनवर आणि पुण्यात शिकणाऱ्या भावाच्या लॅपटॉपवर ठेवलंय. दुपारी लाईट गेली, तासाभराने आली. कॉम्प्युटर चालू झाला, पण माउस हलेना, वायफाय असून व्हॉट्सॲप जाईना, आणि फोन गरम. हेच उदाहरण आपण पुढे वापरू.

रीस्टार्टनंतर लोड येतो कुठून?

पाच कामं एकदम अंगावर येतात.

१. डिस्कची तपासणी. नोड नीट बंद झाला नसेल तर त्याला स्वतःच्याच डेटावर भरवसा राहत नाही. मग तो फाइली परत वाचून त्यांचे हॅश काढतो. हिशोब करून बघा. २०० जीबी डेटा १०० एमबी प्रति सेकंद वेगाने वाचायला साधारण ३३ मिनिटं लागतात. तोच डेटा यूएसबी २.० च्या जुन्या पोर्टवर ३० एमबी वेगाने वाचायचा तर जवळपास १ तास ५० मिनिटं. इतका वेळ डिस्क पूर्ण बिझी राहते. हा बिघाड नाही, हे सरळ गणित आहे.

२. मागे राहिलेलं काम. तुम्ही तासभर बंद होता, बाकीचे पीअर चालूच होते. त्यांनी केलेले बदल, आलेले नवे ब्लॉक, नव्या फाइली हे सगळं आता एका दमात हवं असतं.

३. कनेक्शनची घाई. चालू नोडचे पीअर हळूहळू जमलेले असतात. रीस्टार्टनंतर तो जुन्या यादीतल्या सगळ्यांना एकदम हाका मारतो. यादीतले बरेच पत्ते बदललेले किंवा बंद असतात, त्यामुळे शेकडो अर्धवट कनेक्शन लटकून राहतात.

४. पीअरची परत येणारी गर्दी. तुम्ही गेलात तेव्हा समोरचे लोक तुम्हाला शोधत होते. तुम्ही दिसताच ते सगळे एकदम येतात आणि आपापली मागणी पुढे करतात.

५. थंड कॅशे. चालू नोडने वारंवार लागणारी माहिती रॅममध्ये ठेवलेली असते. रीस्टार्टनंतर रॅम कोरी असते, म्हणून प्रत्येक छोट्या प्रश्नासाठी डिस्ककडे जावं लागतं. तेच काम आता काही पट महाग पडतं.

यातलं कुठलंही एक काम यंत्र सहज पेलतं. पाचही एकदम आली की बसतं. डीपीचीही गोष्ट अशीच असते, एका मोटारीने तो कधीच जळत नाही.

स्काइपने शिकवलेले दोन धडे

हा प्रश्न फक्त घरगुती कॉम्प्युटरचा नाही. परदेशात असलेल्या मुलांशी बोलण्यासाठी आपल्याकडच्या अनेक घरांत जे स्काइप वापरलं जायचं, ते सुरुवातीच्या काळात पीअर-टू-पीअरच होतं. चांगलं इंटरनेट असलेल्या साध्या वापरकर्त्यांचेच काही कॉम्प्युटर ‘सुपरनोड’ बनायचे आणि बाकीच्यांना एकमेकांचा पत्ता शोधून द्यायचे.

ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजचा नेहमीचा अपडेट आला. जगभरातले असंख्य कॉम्प्युटर थोड्या वेळात रीस्टार्ट झाले. १६ ऑगस्टला ते सगळे एकदम लॉगिन करू लागले आणि त्याच वेळी मदतीला सुपरनोड कमी पडले, कारण तेही रीस्टार्ट होणाऱ्यांतलेच होते. अशा प्रसंगी नेटवर्कने स्वतःला सावरायला हवं होतं, पण त्या भागात एक जुना बग लपलेला होता. स्काइप जवळपास दोन दिवस विस्कळीत राहिलं.

दुसरी घटना २२ डिसेंबर २०१० ची. ऑफलाइन मेसेजचे काही सर्व्हर ओव्हरलोड झाले आणि उशिरा उत्तरं देऊ लागले. विंडोजच्या ५.०.०.१५२ या आवृत्तीला ती उशिरा आलेली उत्तरं नीट हाताळता आली नाहीत आणि ती क्रॅश होऊ लागली. त्या वेळी जगातले साधारण निम्मे स्काइप वापरकर्ते याच आवृत्तीवर होते आणि त्यातले सुमारे ४० टक्के क्रॅश झाले. त्यांच्याबरोबर २५ ते ३० टक्के सुपरनोडही गेले. लोकांनी ॲप परत चालू केलं, ती सगळी गर्दी उरलेल्या सुपरनोडवर पडली, आणि तिथला ट्रॅफिक नेहमीच्या सुमारे १०० पट झाला. सुपरनोडमध्ये एक सोय होती: लोड मर्यादेबाहेर गेला की आपल्या यजमान कॉम्प्युटरला त्रास नको म्हणून बंद व्हायचं. ते बंद होत गेले तसा उरलेल्यांवरचा भार अजून वाढला. शेवटी कंपनीने स्वतःच हजारो तात्पुरते ‘मेगा-सुपरनोड’ उभे केले, तेव्हा गाडी रुळावर आली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सगळ्यांनी एकाच वेळी परत येणं हाच खरा आजार असतो. दोन, घाबरून केलेला रीस्टार्ट आगीत तेल ओततो.

आधी निदान: लोड नक्की कुठे आहे?

सेटिंगला हात लावण्याआधी दहा मिनिटं फक्त बघा. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, लिनक्सवर टॉप किंवा एचटॉप. फोनवर ॲपची स्वतःची स्टेटस स्क्रीन आणि सेटिंगमधला बॅटरीचा वापर बघा. मग खालच्या लक्षणांशी जुळवा.

- डिस्क १०० टक्के, सीपीयू कमी: तपासणी चालू आहे. ॲपमध्ये ‘चेकिंग’, ‘स्कॅनिंग’ किंवा ‘व्हेरिफाइंग’ असं दिसेल. आकडा पुढे सरकत असेल तर थांबा, काही करू नका.
- सीपीयू १०० टक्के, डिस्क मध्यम: हॅश काढणं किंवा एन्क्रिप्शन चालू आहे. जुन्या प्रोसेसरवर हे नेहमीचंच.
- रॅम भरली, स्वॅप वाढतोय, सगळंच जड: कॅशेची मर्यादा यंत्राच्या मानाने मोठी आहे किंवा एकाच वेळी खूप फोल्डर, टोरेंट चालू आहेत.
- कॉम्प्युटर बरा आहे, पण घरातलं सगळं इंटरनेट बंद: राउटर गुदमरलाय. नोड पॉज केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत नेट परत आलं तर खात्री समजा.
- पीअर शून्य, लॉगमध्ये सर्टिफिकेटचे एरर: कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय का ते बघा.
- ॲप दर काही सेकंदांनी चालू-बंद होतंय: रीस्टार्टचं चक्र लागलंय. हे पहिल्यांदा थांबवा.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक टीप. ‘लोड ॲव्हरेज’चे तीन आकडे दिसतात: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. प्रोसेसरला ४ कोअर असतील आणि आकडा १२ असेल तर आपण घाबरतो. पण लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत थांबलेली कामंही मोजतो. म्हणजे लोड १२ आणि सीपीयू १० टक्के असं दिसलं तर दोष प्रोसेसरचा नाही, हळू डिस्कचा आहे. आणि पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा कमी असेल तर लोड उतरायला लागलाय, म्हणजे थांबणं हाच उपाय.

उपाय: या क्रमाने करा

पायरी १: रीस्टार्ट करायचा मोह आवरा. तपासणी ९० टक्क्यांवर असताना परत रीस्टार्ट केलं तर ती बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू होते. डेटाबेस दुरुस्त होत असताना वीज तोडली तर साधा उशीर खऱ्या बिघाडात बदलू शकतो.

पायरी २: गर्दी बाहेरच अडवा. ॲप चालू ठेवा, पण नेटवर्क थोडा वेळ तोडा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा. आता नोडपुढे फक्त डिस्कचं काम उरतं. ते झालं की नेटवर्क जोडा. पाच कामांपैकी तीन तुम्ही पुढे ढकललीत, एवढ्याने बऱ्याच घरांतला प्रश्न सुटतो.

पायरी ३: सगळं पॉज करून एकेक चालू करा. सगळे फोल्डर किंवा टोरेंट पॉज करा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरजेचं आधी चालू करा. आपल्या उदाहरणात बिलांचं फोल्डर आधी, मालाचे व्हिडिओ शेवटी. शिवारात एकेक मोटार चालू केल्यासारखं.

पायरी ४: कनेक्शनवर मर्यादा घाला. क्यूबिटटोरेंटमध्ये एकूण कनेक्शनची डीफॉल्ट मर्यादा ५०० आणि एका टोरेंटसाठी १०० असते. स्वस्त राउटरसाठी हे आकडे जास्त होतात. एकूण १५० आणि टोरेंटमागे ४० ठेवून बघा. स्पीड फारसा पडत नाही, कारण स्पीड चांगल्या दहा-वीस पीअरकडूनच येतो.

पायरी ५: अपलोडला लगाम घाला. अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात आणि सगळं नेट हळू वाटतं. आपल्या अपलोड स्पीडच्या ७० ते ८० टक्क्यांवर मर्यादा ठेवा.

पायरी ६: राउटर एकदा रीस्टार्ट करा, पण नोड बंद ठेवून. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो आणि त्या तक्त्याला मर्यादा असते. अनेक राउटर आतून लिनक्सवरच चालतात, आणि लिनक्समध्ये चालू टीसीपी कनेक्शनची नोंद मूळ सेटिंगनुसार ५ दिवस राहू शकते. राउटर बनवणारे बहुधा ही मुदत कमी करतात, तरी नोड अचानक मेला तर त्याची मेलेली कनेक्शन काही काळ तक्त्यात जागा अडवून बसतात, आणि वर नव्यांची भर पडते. राउटर चालू होऊन दोन मिनिटं झाली की मग नोड चालू करा.

ॲपनुसार काय बदलायचं?

सिंकथिंग: रीस्टार्ट झाला की ते सगळे फोल्डर स्कॅन करतं. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्स फोल्डर कॉनकरन्सी’ १ करा, म्हणजे एका वेळी एकाच फोल्डरचं जड काम होईल. जुन्या यंत्रावर प्रत्येक फोल्डरचे ‘हॅशर्स’ही १ ठेवा. पूर्ण रीस्कॅन मुळात दर ३६०० सेकंदांनी होतो. बदल लगेच ओळखणारा वॉचर चालू असेल तर हा काळ बिनधास्त वाढवा.

क्यूबिटटोरेंट: ‘टोरेंट क्यूइंग’ चालू ठेवा म्हणजे सगळी टोरेंट एकदम धावत नाहीत. कुठपर्यंत काम झालं याची नोंद, म्हणजे रीझ्यूम डेटा, ठरावीक वेळाने जतन होतो. हा काळ ६० मिनिटांचा असेल आणि लाईट ५९ व्या मिनिटाला गेली तर तेवढ्या कामाची परत तपासणी आली. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात तो १० ते १५ मिनिटांवर आणा.

आयपीएफएस: कुबो हा नोड आपल्याकडे काय काय आहे हे नेटवर्कला वेळोवेळी कळवत असतो. डेटा खूप असेल तर हेच काम जड पडतं. घरच्या यंत्रासाठी त्यात ‘लो पॉवर’ नावाचं तयार प्रोफाइल आहे, ते लावा.

बिटकॉइन कोअर: ‘डीबीकॅशे’ ही रॅमची मर्यादा आहे. ती वाढवली की सुरुवातीचं सिंक जलद होतं, पण बंद होताना तो सगळा कॅशे डिस्कवर लिहावा लागतो. मधेच वीज गेली तर परत चालू होताना तेवढं काम पुन्हा. रोज लाईट जात असेल तर हा आकडा फार मोठा ठेवू नका.

डॉकर आणि सिस्टमडी: इथे बरेच जण फसतात. डॉकरला ‘स्टॉप’ म्हटलं की तो मूळ सेटिंगनुसार फक्त १० सेकंद थांबतो आणि मग प्रोग्रॅम जबरदस्ती बंद करतो. मोठ्या नोडला नीट बंद व्हायला काही मिनिटं लागू शकतात. म्हणजे तुम्ही व्यवस्थित बंद केलं असं समजता, प्रत्यक्षात दर वेळी गळा दाबलेला असतो. स्टॉपचा वेळ ३०० सेकंद करा. सिस्टमडीत बंद होण्याचा वेळ सहसा ९० सेकंद असतो, तोही वाढवा. शिवाय ‘रीस्टार्ट’ चालू असेल तर दोन रीस्टार्टमधलं अंतर मुळात फक्त १०० मिलिसेकंद असतं. ते किमान ३० सेकंद ठेवा.

फोनवर नोड चालवत असाल तर

फोनवर नोड सतत रीस्टार्ट होण्यामागे बहुधा अँड्रॉइडच असतो. बॅटरी वाचवण्यासाठी तो मागे चालणारी ॲप मारतो. ॲप परत उठतं, स्कॅन सुरू करतं, ते संपायच्या आत परत मारलं जातं. दिवसभर हेच चालू. काम शून्य, बॅटरी खल्लास.

- त्या ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमीच्या फोनमध्ये ऑटोस्टार्टची परवानगी वेगळी द्यावी लागते.
- फक्त वायफायवर आणि चार्जिंगला असतानाच चालेल अशी अट लावा. सिंकथिंगच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ती ‘रन कंडिशन्स’मध्ये मिळते. मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे अजून तेच जुनं ॲप असेल तर सिंकथिंग-फोर्ककडे वळा.
- टर्मक्समध्ये नोड चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवा: अँड्रॉइड १२ पासून ॲपने मागे सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर सगळ्या फोनमध्ये मिळून ३२ ची मर्यादा आली. ती ओलांडली की सिस्टम त्या बंद करायला लागते आणि आपल्याला वाटतं नोड आपोआप क्रॅश होतोय.
- लाखो लहान फाइली, उदाहरणार्थ थंबनेल, सिंकमधून वगळा.

या चुका महागात पडतात

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओव्हरलोडने सहसा डेटा जात नाही. डेटा जातो तो घाईघाईत केलेल्या ‘दुरुस्तीने’.

दुकानातल्या कॉम्प्युटरकडे परत जाऊ. समजा सगळा डेटा बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर आहे. लाईट आल्यावर कॉम्प्युटर लवकर चालू झाला, डिस्क अजून जोडलीच गेली नाही. सिंकथिंगला फोल्डरची जागा रिकामी दिसते. ते लगेच सगळं डिलीट झालं असं समजत नाही, कारण प्रत्येक फोल्डरमध्ये त्याने ‘डॉट एसटीफोल्डर’ नावाची खूण ठेवलेली असते. खूण दिसली नाही की ते ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असा एरर देऊन थांबतं. हा एरर म्हणजे तुमचा राखणदार आहे.

इथे बरेच जण काय करतात? एरर घालवायचा म्हणून रिकाम्या जागेत ती खूण हाताने तयार करतात. एरर जातो. सिंकथिंगला वाटतं, फोल्डर बरोबर आहे आणि मालकाने सगळ्या फाइली काढून टाकल्यात. मग ते इमानदारीने हा निरोप फोनला आणि पुण्यातल्या लॅपटॉपला देतं, आणि तिथल्या फाइलीही जातात. वर्षांची बिलं आणि डिझाइनं काही मिनिटांत तिन्ही ठिकाणांहून नाहीशी.

म्हणून हा एरर आला की आधी नोड पॉज करा, डिस्क जोडली गेली आहे का बघा, आत फाइली दिसतायत याची खात्री करा, मगच पुढे जा. आणि आजच ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करा. दुसऱ्या यंत्राकडून डिलीट झालेली फाइल मग काही काळ बाजूला जपून ठेवली जाते. एक मात्र पक्कं समजा: सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंक तुमची चूकही तितक्याच वेगाने सगळीकडे पोचवतं. नेहमी डिस्कनेक्ट असलेली एक वेगळी कॉपी हवीच.

बाकीच्या नेहमीच्या चुका:

- डेटाबेस फोल्डर डिलीट करून ‘फ्रेश’ सुरू करणं. मग सगळी तपासणी आणि डाउनलोड पहिल्यापासून, म्हणजे लोड कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.
- पीअर मिळत नाहीत म्हणून कनेक्शनची मर्यादा वाढवणं. राउटर गुदमरलेला असेल तर हा उपाय नेमका उलटा पडतो.
- फायरवॉल पूर्ण बंद करणं. अडचण लोडची आहे, दरवाजाची नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

- राउटरला छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, पण आधी आपल्या ॲडॅप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअर जुळतो का बघा. कॉम्प्युटरला यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर नोड हाताने नीट बंद करा.
- ऑटोस्टार्टला उशीर लावा. कॉम्प्युटर चालू झाल्यावर नोड २ ते ५ मिनिटांनी सुरू व्हावा. तोवर डिस्क जोडली जाते, नेट येतं, घड्याळ जुळतं.
- रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. नेट येईपर्यंत त्याची वेळ मागे असते आणि सुरक्षित कनेक्शन नाकारली जातात. वेळ जुळल्यावरच नोड सुरू होईल असं ठरवा.
- घरात दोन-तीन नोड असतील तर त्यांना वेगवेगळा उशीर द्या: २, ६ आणि १० मिनिटं.
- डेटाबेस एसएसडीवर ठेवा, मोठ्या फाइली हार्ड डिस्कवर चालतील. मेमरी कार्डवर डेटाबेस ठेवू नका.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चांगलं पीअर-टू-पीअर सॉफ्टवेअर परत प्रयत्न करताना दर वेळी जास्त थांबतं: १, २, ४, ८, १६ सेकंद. याला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात. पण तेवढं पुरत नाही. गावातली लाईट सगळ्यांकडे एकाच वेळी आली तर सगळे नोड दर वेळी बरोबर त्याच सेकंदाला एकदमच धडकतील. म्हणून त्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक मिसळतात, त्याला जिटर म्हणतात. कुणी सव्वातीन सेकंदांनी येतो, कुणी पावणेपाचने. गर्दीची रांग होते. तुम्ही स्वतः ॲप लिहाल तेव्हा या दोन ओळी विसरू नका.

नेहमी पडणारे प्रश्न

रीस्टार्टनंतर किती वेळ थांबायचं?
डेटाचा आकार भागिले डिस्कचा वाचनाचा वेग, त्यात थोडी भर. आकडा सरकत असेल तोवर थांबा. अर्धा तास एकाच आकड्यावर अडकला असेल तर लॉग बघा.

मोबाइल नेटवर चालवलं तर चालेल का?
चालतं, पण मोबाइल नेटवर बहुधा अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता असतो. त्यामुळे बाहेरून थेट कनेक्शन येत नाही, काही ॲप मधल्या रिलेमधून जातात आणि स्पीड पडतो. मोठं सिंक वायफायवरच करा.

फोन गरम होतोय, धोका आहे का?
पहिल्या स्कॅनमध्ये थोडा गरम होणं नेहमीचं. हात लावणं नको वाटत असेल तर पॉज करा, कव्हर काढा, एकेक फोल्डर चालू करा.

रोज ठरलेल्या वेळी नोड रीस्टार्ट करावा का?
नाही. दर रीस्टार्टला वरची पाचही कामं परत येतात. अपडेट किंवा खरा बिघाड असेल तेव्हाच करा.

थोडक्यात

रीस्टार्टनंतरचा ओव्हरलोड म्हणजे बहुतेक वेळा बिघाड नसतो, एकदम आलेली गर्दी असते. आधी बघा, मग गर्दी अडवा, मग एकेक दार उघडा. एरर घालवण्याआधी तो काय सांगतोय ते वाचा. आणि लाईट येण्याआधीच एका वेगळ्या डिस्कवर कॉपी काढून ठेवा. ज्या मित्राच्या घरी लाईट आली की नेट जातं, त्याला हा लेख नक्की पाठवा.